गाडी डिझेल कशात खाते?
ओझे, वारा, चढ आणि थांबे यांचा हिशेब

भिवंडीत ज्याच्याकडे चार लूम आहेत त्याच्याकडे आज ना उद्या एखादी मालवाहू गाडी येतेच. कुणाचा ‘छोटा हत्ती’, कुणाची पिकअप, कुणाचा मोठा टेम्पो. सायझिंगमधून बीम आणायचे, सुताची पोती आणायची, तयार ग्रे कापडाचे ताके गोदामात किंवा मुंबईला मुळजी जेठा मार्केटपर्यंत पोचवायचे, कधी मालेगावची फेरी मारायची. भाड्याच्या गाडीपेक्षा घरची गाडी बरी, असे म्हणून आपण गाडी घेतो. पण महिन्याच्या शेवटी डिझेलची बिले समोर आली की दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘गाडी डिझेल खाते.’ दुसरे, जरा हळू आवाजात, ‘ड्रायव्हर डिझेल खातो.’

पहिल्या वाक्यामुळे माणूस चांगली गाडी तोट्यात विकतो. दुसऱ्यामुळे इमानदार माणूस नोकरीवरून जातो, आणि हे नुकसान जास्त मोठे आहे. म्हणून शंका घेण्यापूर्वी डिझेल नेमके कुठे जाते, याचा हिशेब मालकाला आला पाहिजे. हा हिशेब कठीण नाही. ज्याला पिकाचा, रीडचा आणि सुताच्या नंबराचा हिशेब येतो त्याला हा सहज येईल.

डिझेलचा भाव आपल्या हातात नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलवरील भावनियंत्रण काढून घेतले, आणि जून २०१७ पासून पंपावरचा भाव रोज ठरतो. आपल्या हातात आहे ते एवढेच की, एका लीटरमध्ये किती माल किती दूर न्यायचा.

एका लीटरमध्ये किती काम आहे?

लूमवाल्याला विजेचे युनिट कळते, म्हणून युनिटमध्येच बोलू. एक लीटर डिझेल जाळले तर त्यातून सुमारे १० युनिट उष्णता निघते. पण त्यातले बरेचसे सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते, काही इंजिन व गिअरच्या घर्षणात जाते. चाकापर्यंत साधारण ३ युनिट पोचतात. एक अश्वशक्तीची लूमची मोटर पूर्ण भाराने चार तास चालवायला जेवढे काम लागते तेवढे हे काम आहे. त्यावरच गाडी चालायची आहे.

हे तीन युनिट चार ठिकाणी वाटले जातात:

१) टायर रस्त्यावर फिरवण्यात. जेवढे वजन जास्त, तेवढा हा खर्च जास्त.
२) समोरची हवा बाजूला सारण्यात. हा खर्च वेगावर आणि गाडीच्या समोरच्या उंची-रुंदीवर अवलंबून असतो.
३) चढ चढण्यात.
४) पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात, आणि उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्यात.

बहुतेक मालकांचे सारे लक्ष पहिल्या वाटेकरीकडे, म्हणजे वजनाकडे असते. दुसरा वाटेकरी, वारा, डोळ्यांना दिसत नाही. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सर्वांत जास्त डिझेल मात्र तोच पितो.

आधी वजन ओळखा

आपण माल मीटरमध्ये मोजतो, हमाल ताक्यात मोजतो, सुतवाला पोत्यात मोजतो. रस्ता आणि कायदा मात्र किलोच ओळखतो. म्हणून पहिले काम हे की, आपल्या प्रत्येक क्वालिटीच्या एका ताक्याचे वजन काट्यावर करून भिंतीवर लिहून ठेवावे.

समजा, आपल्या ग्रे कापडाचे वजन मीटरमागे १२० ग्रॅम आहे. शंभर मीटरचा ताका १२ किलोचा झाला. शंभर ताके म्हणजे बारा क्विंटल, सव्वा टनाला थोडे कमी. बीमचे वजन करताना सुतात लोखंडी नळीचे आणि फ्लँजचे वजन मिळवायला विसरू नये. गाडीच्या आरसीमध्ये रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन, असे दोन आकडे लिहिलेले असतात. एकूण वजनातून रिकामे वजन वजा केले, आणि ड्रायव्हर-क्लीनरचे वजन सोडले, की किती माल भरता येतो ते कळते. हा आकडा ताक्यात बदलून केबिनमध्ये चिकटवून टाका. हमालाला किलो सांगण्यापेक्षा ताके सांगितलेले बरे.

तेच शंभर ताके, चार प्रकारे

आता एक उदाहरण घेऊ. पिकअपचे स्वतःचे वजन १.७ टन, माल १.२ टन, एकूण २.९ टन. चांगल्या डांबरी रस्त्यावर टनामागे सुमारे १२ किलोची ओढ लागते, म्हणजे टायरसाठी एकूण ३५ किलोची ओढ. १ किलोची ओढ १०० किलोमीटर लावत राहिलो तर ०.२७ युनिट काम होते. ३५ किलोला साडेनऊ युनिट, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे ३.२ लीटर. वेग कमी-जास्त केल्याने यात फारसा फरक पडत नाही.

आता वारा. माल केबिनच्या उंचीच्या आत असेल तर ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेची ओढ सुमारे ३० किलो धरू. तोच माल केबिनच्या वर दोन-अडीच फूट गेला आणि ताडपत्री सैल असेल, तर ही ओढ ५० किलोपर्यंत जाते. आणि हवेचा नियम असा आहे की वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. ६० चा वेग ८० केला तर ओढ पावणेदोन पटींहून थोडी अधिक वाढते.

सपाट रस्त्यावर, न थांबता, १०० किलोमीटरचा अंदाजी हिशेब असा येतो:

• माल केबिनच्या आत, वेग ६०: टायर ३.२ + हवा २.७ = ५.९ लीटर
• माल केबिनच्या वर, वेग ६०: टायर ३.२ + हवा ४.५ = ७.७ लीटर
• माल केबिनच्या आत, वेग ८०: टायर ३.२ + हवा ४.८ = ८.० लीटर
• माल केबिनच्या वर, वेग ८०: टायर ३.२ + हवा ८.१ = ११.३ लीटर

गाडी तीच, ड्रायव्हर तोच, ताके तेवढेच. पहिल्या आणि शेवटच्या प्रकारात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. हिशेबाच्या सोयीसाठी डिझेल ९० रुपये लीटर धरले, तर दर १०० किलोमीटरला सुमारे ४९० रुपयांचा फरक झाला. ज्या मालकाला हे ठाऊक नाही तो म्हणेल की पाच लीटर डिझेल ड्रायव्हरने विकले. विकले कुणीच नाही, वाऱ्याने नेले.

आपल्या गाडीचे आकडे यापेक्षा थोडे वेगळे येतील. इंजिन, बॉडी आणि रस्ता यांवर ते ठरतात. पण प्रमाण असेच राहील.

म्हणून भराईचे तीन नियम पाळावेत. ताके नीट थापून, पोकळी न ठेवता लावावेत. बारा क्विंटल कापड बहुतेक पिकअपच्या बॉडीत केबिनच्या उंचीच्या आत बसते. वर जाते ते घाईने टाकल्यामुळे. दुसरा नियम, ताडपत्री चारी बाजूंनी ताणून बांधावी. फडफडणारी ताडपत्री हवा धरते, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी जाऊन ग्रे कापडावर डाग पडतात. तिसरा, रिकामे कोन, रिकाम्या नळ्या, चिंधी असा हलका पण फुगीर माल असेल तर वेग आणखी कमी ठेवावा. वजन कमी आहे म्हणून ड्रायव्हर अशीच गाडी जोरात पळवतो, आणि अशाच गाडीला वारा सर्वांत जास्त लागतो.

वेगाबद्दल कुणी म्हणेल, वेळेची किंमत नाही का? आहे. १०० किलोमीटरला ६० च्या वेगाने १०० मिनिटे लागतात आणि ८० च्या वेगाने ७५. पंचवीस मिनिटे वाचली, पण डिझेल २.१ लीटर जास्त गेले, म्हणजे सुमारे १९० रुपये. मार्केटमध्ये माल उतरवायला तासभर रांगेत उभे राहायचे असेल, तर ही पंचवीस मिनिटे विकत घेण्यात काय मतलब? भराई अर्धा तास लवकर सुरू केली तर तेवढा वेळ फुकट मिळतो.

कसारा घाटाचा हिशेब

मालेगावला जाणारी गाडी पडघा, शहापूर करत कसाऱ्याला पोचते आणि घाट चढून इगतपुरीला येते. या दोन गावांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. एक टन वजन एवढे वर उचलायला ०.८ युनिट काम लागते, म्हणजे पाव लीटरपेक्षा थोडे जास्त डिझेल. आपल्या २.९ टनांच्या गाडीला घाटाचा खर्च सुमारे ०.८ लीटर झाला. कितीही कुशल ड्रायव्हर असला तरी हा खर्च टळत नाही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे आपल्या भिवंडी तालुक्यातच आहे. या मार्गावर लांब बोगदा आहे, घाटाची तीव्र वळणे टळतात, ब्रेक आणि गिअर कमी लागतात. तरीही इगतपुरीची उंची बोगद्याने कमी झालेली नाही. जुन्या घाटाने जा किंवा बोगद्यातून जा, चढायचे तेवढेच आहे. वाचते ते वळणावर ब्रेक मारण्यात जाणारे डिझेल आणि वेळ. मोकळा रस्ता पाहून ड्रायव्हरने वेग वाढवला, तर वाचलेले सारे वाऱ्याला जाईल आणि वर टोल भरावा लागेल तो वेगळा. दोन्ही रस्त्यांनी एकेक फेरी करून टोलसह हिशेब मांडावा आणि मग ठरवावे.

घाट उतरताना काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, काही तर इंजिनच बंद करतात. हे मालकाने सक्त मना करावे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. न्यूट्रलमध्ये सारा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. शिवाय यात बचतही नाही. आजच्या डिझेल गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला डिझेल जाणे जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता डिझेललाही फायद्याचा आहे आणि जिवालाही.

अंजूरफाटा, मानकोली आणि कल्याण नाका

गावातल्या गाडीचा हिशेब वेगळा असतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामांपर्यंत जाणाऱ्या गाडीला वाऱ्याचा त्रास नाही, कारण वेगच नाही. तिचा दुश्मन ब्रेक आहे.

२.९ टनांची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत नेऊन ब्रेक मारला, की सुमारे २६ मिलीलीटर डिझेलची कमाई ब्रेकच्या उष्णतेत गेली. एका वेळी सव्वादोन रुपये. चाळीस वेळा असे केले की एक लीटर संपले. म्हणून पुढे लाल दिवा किंवा गाड्यांची रांग दिसत असताना जोर देत जाऊन कचकन थांबणारा ड्रायव्हर महाग पडतो. दूर पाहून, अ‍ॅक्सिलरेटर आधीच सोडून, गाडी संथ येऊ देणारा ड्रायव्हर स्वस्त पडतो. टायर आणि क्लच-प्लेटही त्याच्याच हाती जास्त टिकतात.

उभ्या गाडीचे इंजिन चालू राहिले तर अशा गाड्या तासाला अर्धा ते एक लीटर डिझेल जाळतात. फाटकात मुकादमाची वाट पाहत, बिल्टी बनेपर्यंत, हमाल चहा पिऊन येईपर्यंत इंजिन चालू ठेवण्याचे काही कारण नाही. लांब पल्ल्यावरून किंवा घाट चढून आल्यावर मात्र टर्बो थंड होण्यासाठी एखादे मिनिट इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करावे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांना काजळी धरणारी जाळी आहे, त्यांनी सतत कोंडीतच फिरू नये. जाळी भरते, ती साफ करण्यासाठी गाडी स्वतः जादा डिझेल जाळते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष न करता गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर एकसारखी चालवावी.

ठाणे आणि मुंबईत अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश असतो, आणि या वेळा बदलत असतात. वाहतूक पोलिसांची ताजी सूचना पाहून भराईची वेळ ठरवावी. नाक्यावर दोन तास अडकलेली गाडी हा ड्रायव्हरचा दोष नसतो. चुकीच्या वेळी गाडी सोडणाऱ्याचा असतो.

ताक्यामागे किती?

आपण सारे विचारतो, ‘गाडीचा अ‍ॅव्हरेज किती?’ व्यापाऱ्याचा खरा प्रश्न वेगळा असायला हवा: एक ताका १०० किलोमीटर नेण्यास किती डिझेल लागले? वरच्याच गाडीचा हिशेब, वेग ६०, माल केबिनच्या आत:

• शंभर ताके: ५.९ लीटर, म्हणजे ताक्यामागे ५९ मिलीलीटर
• पन्नास ताके: ५.२ लीटर, ताक्यामागे १०४ मिलीलीटर
• रिकामी गाडी: ४.५ लीटर, ताका एकही नाही

पन्नास ताक्यांच्या फेरीत अ‍ॅव्हरेज चांगला दिसतो, पण ताक्यामागे खर्च पाऊणपट वाढलेला असतो. आणि रिकामी परतणारी गाडी भरलेल्या गाडीच्या तीन-चतुर्थांश डिझेल पिते. मुंबईहून किंवा मालेगावहून रिकामी येणारी गाडी, हीच आपल्या धंद्यातली सर्वांत मोठी गळती आहे. टायर, तेल, ड्रायव्हर यांच्यामागे लागून जे वाचत नाही ते परतीचे अर्धे भाडे मिळाल्याने वाचते. शेजारच्या दोन-तीन कारखानदारांनी मिळून फेऱ्या ठरवल्या, एकाचे कापड जाताना आणि दुसऱ्याचे सूत येताना आणले, तर तिघांचेही भाडे उतरते. यासाठी भांडवल लागत नाही. आदल्या संध्याकाळी एकमेकांना विचारावे लागते, एवढेच. मात्र परवाना, विमा आणि मालाचे कागद त्या कामासाठी चालतील असे आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

मग जास्तच भरावे का?

वरचा हिशेब वाचून कुणी म्हणेल, ‘भरून नेण्यात फायदा, तर मग दीडशे ताके का भरू नयेत?’ हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही, कारण गावात रोज हेच होते. म्हणून त्याचाही हिशेब करू.

दीडशे ताके म्हणजे अठरा क्विंटल. डिझेल लागेल सुमारे ६.५ लीटर, ताक्यामागे ४३ मिलीलीटर. म्हणजे ताक्यामागे १६ मिलीलीटर वाचले. दीडशे ताक्यांचे मिळून २.४ लीटर, सुमारे २१५ रुपये. डिझेलपुरता फायदा आहे, हे खरे.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये दंड, त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च आपल्याकडे. माल बॉडीच्या बाहेर किंवा परवानगीपेक्षा उंच गेला तरी २०,००० चा दंड आहे. २१५ रुपयांच्या बचतीने वीस हजार भरून काढायला नव्वदहून अधिक फेऱ्या न पकडले जाता कराव्या लागतील. त्यात टायर लवकर जातील, पाटे बसतील, क्लच जाईल, ते वेगळेच. अपघात झाला तर विमा कंपनी जादा भाराचा मुद्दा काढल्याशिवाय राहणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ब्रेक ज्या वजनासाठी बनवले आहेत त्यापेक्षा सहा क्विंटल जास्त घेऊन गाडी कसारा घाट उतरणार असते. मालक गादीवर बसलेला असतो, स्टिअरिंगवर दुसऱ्याचा मुलगा असतो. त्याची जान आपल्याकडे अमानत आहे. २१५ रुपयांचा हिशेब इथे संपतो.

मागे ट्रॉली जोडावी काय? फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी काय?

हे दोन प्रश्न अलीकडे बरेच ऐकू येतात. कुणाकडे जुनी जीप असते, कुणी चारही चाकांना जोर देणारी पिकअप पाहून येतो.

ट्रॉलीचा फायदा असा की, ती गाडीच्या आडोशाला चालते. गाडीपेक्षा बुटकी आणि अरुंद असेल तर तिला वारा फार लागत नाही. खर्च येतो तो मुख्यतः वजनाचा. अर्ध्या टनाची रिकामी ट्रॉली १०० किलोमीटरला सुमारे अर्धा लीटर जादा घेते. पण ट्रॉलीवरचा माल गाडीच्या वर दिसू लागला, की वाऱ्याला दुसरी भिंत मिळते आणि हिशेब बिघडतो. युरोपात लोक सुट्टीत चाकांवरची खोली, म्हणजे कॅरॅव्हॅन, कारच्या मागे जोडून फिरतात. ही खोली कारपेक्षा उंच असते, म्हणून कारचा अ‍ॅव्हरेज झपाट्याने उतरतो. तिथे अशा गाड्यांना वेगमर्यादाही कमी असते. जर्मनीत साधारणपणे ताशी ८० किलोमीटर, ब्रिटनमध्ये साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल, म्हणजे तेवढीच. ब्रिटनमध्ये नव्या माणसाला असाही सल्ला देतात की, ओढायच्या वस्तूचे वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. कारण मागचे ओझे जड झाले, किंवा त्याचा भार मागच्या टोकाला ठेवला, की ते झोके खाऊ लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते. म्हणून ट्रॉलीत जड माल एक्सलच्या वर, किंचित पुढे ठेवावा. मागच्या टोकाला कधीही ठेवू नये.

आपल्याकडे कायद्याच्या भाषेत ट्रॉलीही मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी, दिवे आणि कागद लागतात. खासगी नोंदणीच्या जीपमागे ट्रॉली लावून भाड्याचा माल नेणे चालत नाही. तेव्हा भिवंडीच्या कोंडीत, जिथे मागे घ्यायला जागा नाही, तिथे ट्रॉलीपेक्षा योग्य क्षमतेची एकच गाडी बरी.

फोर-व्हील ड्राइव्हने ओझे ओढायचे डिझेल वाचते, हा गैरसमज आहे. ती शक्ती वाढवत नाही. आहे तीच शक्ती दोनऐवजी चार चाकांत वाटते. जादा शाफ्ट, गिअर आणि तेलाचे घर्षण यांमुळे खर्च थोडा वाढतोच. तिचा उपयोग चाक जागीच फिरते तिथे आहे, म्हणजे पावसाळ्यात चिखल झालेल्या गोदामाच्या आवारात किंवा कच्च्या रस्त्यावर. साध्या प्रकारच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाके एकाच चालीत जखडली जातात. कोरड्या डांबरावर वळताना पुढची चाके जास्त अंतर जातात, मग टायर घासतात, गिअरवर ताण येतो आणि डिझेल वाया जाते. चिखलातून निघताच ते बंद करावे. वर्षातून दहा दिवस चिखल लागत असेल, तर गाडी बदलण्यापेक्षा आवारात दोन ट्रक खडी टाकलेली स्वस्त.

हवा, जाळी आणि वही

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासावी. हवा पाचव्या हिश्शाने कमी असेल तर टायरची ओढ सुमारे दहा टक्के वाढते, टायर तापतो आणि भर उन्हाळ्यात महामार्गावर फुटण्याची भीती असते. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरला किती हवा हवी ते पुस्तकात किंवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेले असते.

एअर फिल्टरकडे भिवंडीत जास्त लक्ष द्यावे. कारखान्यांच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये धुळीबरोबर रुईही बसते. भरलेली गाडी नेहमीपेक्षा जास्त काळा धूर सोडू लागली तर ते न जळलेले डिझेल बाहेर चालले आहे, असे समजावे.

शेवटी वही. प्रत्येक फेरीला एक ओळ लिहावी: तारीख, कुठून कुठे, निघतानाचे आणि पोचतानाचे किलोमीटर, ताके किंवा किलो, माल केबिनच्या आत की वर, आणि किती वेळ अडकलो. डिझेल नेहमी एकाच पंपावर टाकी पूर्ण भरून घ्यावे. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना जेवढे लीटर बसले तेवढेच मधल्या फेऱ्यांत लागले. सीएनजी गाडी असेल तर लीटरऐवजी किलो लिहावे. वजन, वारा, चढ आणि थांबे तिलाही तसेच लागतात.

महिनाभर वही ठेवल्यावर एकसारख्या फेऱ्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. भरलेली फेरी रिकाम्या फेरीशी, घाटाची फेरी सपाट फेरीशी ताडू नये. वही ड्रायव्हरबरोबर बसून वाचावी आणि जे डिझेल वाचले त्यातला काही हिस्सा त्याला द्यावा. तो माणूस मग हवा स्वतः तपासेल, ताडपत्री स्वतः ताणेल आणि हमालाने ताके उंच रचले तर स्वतः हटकेल. एवढे करूनही सारख्या भाराच्या, सारख्या रस्त्याच्या, सारख्या वेगाच्या फेऱ्यांत मोठा फरक राहिला, तर आधी मेकॅनिककडे जावे. ड्रायव्हरवर बोट ठेवण्याची वेळ त्यानंतर येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही.